वाचक विचारतात : पॉवर अॅनालायझरला रेंज कुठली लावू?

या वेळी आलेल्या मेलमधे बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, पॉवर अॅनालायझर (वॅट मोजायचा अचूक मीटर) घेतला, आता रेंज, म्हणजे मीटरने जास्तीत जास्त किती मोजायचं ती मर्यादा, कुठली लावायची. त्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकाला ढकललेत, तेवढं सांभाळून घ्या. नावं नेहमीसारखीच छापत नाहीये, फक्त गाव आणि काम.

प्रश्न : नमस्कार सर. आम्ही भोसरीत छोटे पॉवर अॅडाप्टर बनवतो. नो-लोडला, म्हणजे पुढे काहीच जोडलेलं नसताना, अॅडाप्टर किती वॅट खातो ते बघायला पॉवर अॅनालायझर घेतला. ३०० व्होल्ट, ५ अँपला लावला तर कधी ०.४ वॅट दाखवतो, कधी ०.७, एकदा तर मायनस आलं. विकणारा म्हणतो मीटर ०.१ टक्के अॅक्युरसीचा आहे. मग हे काय चाललंय? (अॅडाप्टर उत्पादक, भोसरी)

मीटर खराब नाहीये आणि विकणारा खोटं पण बोलत नाहीये, फक्त त्याने अर्धंच सांगितलं. स्पेसिफिकेशनचं पान उघडा, ०.१ टक्क्याच्या पुढे अधिकचं चिन्ह टाकून अजून एक आकडा असेल, समजा ०.०५ टक्के, आणि तो रीडिंगचा नसतो, रेंजचा असतो. वॅटची रेंज म्हणजे व्होल्टची रेंज गुणिले अँपची रेंज, तुमच्या सेटिंगला ३०० गुणिले ५, झाले १५०० वॅट. त्याचे ०.०५ टक्के काढले की पाऊण वॅट. म्हणजे कंपनीने तुम्हाला आधीच लेखी दिलंय की या सेटिंगला आकडा पाऊण वॅट इकडे तिकडे होऊ शकतो, आणि तुम्ही मोजताय काय तर ०.४ वॅट. गुळाच्या ढेपा तोलायच्या काट्यावर नथ ठेवल्यासारखं झालं हे. मायनस आलं यात नवल काही नाही.

मग रेंज खाली आणायची हे उघड आहे, पण किती खाली इथे बहुतेक जण फसतात. ते असा हिशोब करतात की ०.४ वॅट भागिले २३० म्हणजे करंट पावणेदोन मिलिअँप, चला २ किंवा ५ मिलिअँपची रेंज लावू. हे चुकतं कारण नो-लोडला अॅडाप्टरचा पीएफ (पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॅट आणि व्होल्ट-अँपचा गुणाकार यांचं गुणोत्तर) फार वाईट असतो. समजा ०.३ असला तर खरा आरएमएस (म्हणजे परिणामी) करंट ५.८ मिलिअँपच्या आसपास जातो. आणि तो करंट साइनवेव्हसारखा गोल नसतो, आत ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा) आणि कपॅसिटर बसलेत ना, कपॅसिटर फक्त व्होल्टेजच्या टोकाजवळ चार्ज होतो, त्यामुळे बारीक उंच सुळके येतात आणि बाकी वेळ जवळजवळ शांतता. सुळक्याची उंची भागिले आरएमएस म्हणजे क्रेस्ट फॅक्टर. साइनवेव्हला तो १.४१ असतो, तुमच्यासारख्या लोडला ६, ८, १० काहीही निघू शकतो. समजा १० निघाला तर सुळका ५८ मिलिअँपचा.

आता बऱ्याच बेंचवरच्या मीटरना रेंजच्या ३ पट पीक चालतो, याला क्रेस्ट फॅक्टर ३ म्हणतात. १० मिलिअँपची रेंज लावली तर ३० मिलिअँपच्या वर सगळं कापलं जाणार, आणि गंमत म्हणजे कापलं गेलं तरी मीटर एक छान स्थिर आकडा दाखवत राहतो, फक्त तो खोटा असतो. पॅनेलवर कुठेतरी पीक ओव्हरचा छोटा दिवा लागलेला असतो, तिकडे कोणी बघत नाही. २० मिलिअँपला ६० चा पीक बसतो, म्हणजे जेमतेम. माझं मत विचाराल तर आधी ५० वर लावा, मीटर पीक करंट दाखवत असेल तर तो वाचा, आणि तो ६० च्या आत आरामात असला तरच २० वर या. ३०० व्होल्ट ५० मिलिअँपला वॅटची रेंज १५ वॅट, रेंजची एरर ७.५ मिलिवॅट. २० मिलिअँपला ती ३ मिलिवॅट. दोन्हीपैकी कुठलंही चालेल, पाऊण वॅटाच्या तुलनेत आपण कुठल्या कुठे आलो. स्टँडबाय पॉवरचं जे आयईसी ६२३०१ स्टँडर्ड आहे त्यात एक वॅटच्या खाली, करंटचा आकार फार विचित्र नसेल तर, अनिश्चितता ०.०२ वॅटच्या आत मागितलीय, त्यात हे बसतं.

काही मीटरवर क्रेस्ट फॅक्टर ६ ची सेटिंग असते, ती लावली की सगळं सुटेल असं वाटतं. ती फुकट नाहीये. आतलं हार्डवेअर तेच, २० मिलिअँपच्या रेंजलाच आता १० म्हणायचं, पीक पूर्वीसारखाच ६०, आणि स्पेसिफिकेशनमधे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की या मोडमधे रेंजची एरर दुप्पट धरा. म्हणजे फिरून तिथेच. तिचा उपयोग मुख्यतः ऑटो रेंज वापरणाऱ्यांना, मीटर लवकर खाली घसरत नाही एवढाच.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण तुमच्या बाबतीत रेंजपेक्षा पण मोठी आहे, ती म्हणजे व्होल्टेजच्या वायर कुठे लावल्यात. मीटरच्या व्होल्टेज इनपुटचा रेझिस्टन्स समजा २ मेगाओम असला तर २३० व्होल्टला तो स्वतःच २६ मिलिवॅट खातो. व्होल्टेजच्या वायर लोडच्या बाजूला लावल्या तर हे २६ मिलिवॅट करंटच्या शंटमधून, म्हणजे करंट मोजायच्या छोट्या रेझिस्टरमधून, जातात आणि तुमच्या अॅडाप्टरच्या नावावर जमा होतात, ४०० मधे २६ म्हणजे साडेसहा टक्के. त्याच वायर सप्लायच्या बाजूला लावा, मग फक्त शंटमधला लॉस मिसळतो आणि ५.८ मिलिअँपला तो अर्ध्या ओमच्या शंटमधे पण नगण्य आहे. मोठ्या करंटला हे उलटं होतं, १० अँपला ६ मिलिओमचा शंट ०.६ वॅट खातो, तेव्हा व्होल्टेज लोडच्या बाजूने घ्यायचं. बऱ्याच मॅन्युअलमधे दोन्ही जोडण्यांची चित्रं असतात, ती बघून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज १९५ आणि रात्री २५५ पर्यंत जातं. व्होल्टची रेंज ३०० ठेवू की सेफ म्हणून ६००? (इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर, बार्शी)

३००. क्रेस्ट फॅक्टर ३ धरला तर ३०० च्या रेंजला ९०० व्होल्टचा पीक बसतो आणि २५५ व्होल्टच्या साइनवेव्हचा पीक ३६० च आहे, काळजीचं कारण नाही. ६०० केलं की वॅटची रेंज उगाच दुप्पट होते आणि एररमधला रेंजवाला भाग पण दुप्पट. ६०० लागेल ते फेज टू फेज मोजताना.

प्रश्न : मी फ्रिज सर्व्हिस सेंटरला टेस्टिंग बघते. कंप्रेसर बदलल्यावर २४ तास लॉग लावून किती वॅट-अवर खाल्ले ते कस्टमरला देतो. ऑटो रेंजवर ठेवलं की लॉगमधे मधेच रिकाम्या ओळी येतात. २० अँपला फिक्स केलं तर दोन दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. सहकारी म्हणतात ऑटोच बरा. तुम्ही काय सांगाल? (वाचिका, नाशिक)

ताई, ऑटो रेंज ही बेंचवर बसून एका लोडवरून दुसऱ्या लोडवर उड्या मारायला छान सोय आहे, पण एनर्जी लॉगला ती लावू नका. रेंज बदलताना मीटर आतलं सर्किट बदलतो, मग सिग्नल स्थिर व्हायला थोडा वेळ जातो, तेवढ्यात जे काही घडतं ते गेलं. तुमच्या रिकाम्या ओळी त्याच. आणि फ्रिजमधे नेमकं कंप्रेसर चालू होताना करंट उसळतो, म्हणजे रेंज पण तेव्हाच बदलणार, मोक्याच्या क्षणी मीटरचं लक्ष दुसरीकडे. काही मीटर इंटिग्रेशन (वॅट-अवरची बेरीज) सुरू झालं की रेंज लॉकच करतात, काही बदलू देतात, तुमचा बदलू देणाऱ्यातला दिसतोय.

म्हणून फिक्स करायची हे बरोबर, पण २० अँप का? स्टार्टिंगचा करंट मोठा म्हणून, असंच ना? जरा आकडे मांडून बघू, कारण इथे मनाला जे वाटतं त्याच्या उलट निघतं.

समजा कंप्रेसर सुरू होताना अर्धा सेकंद १५०० वॅट घेतो. ते झाले ७५० ज्यूल, म्हणजे साधारण ०.२ वॅट-अवर. दिवसात २४ वेळा सुरू झाला तर सगळे मिळून ५ वॅट-अवर. फ्रिज दिवसाला ८०० वॅट-अवर खातो असं धरलं तर हे स्टार्टिंग पूर्णच्या पूर्ण मोजायचं राहिलं तरी चूक पाऊण टक्क्याच्या पण आत. आता २० अँपच्या रेंजकडे बघा, ३०० गुणिले २० म्हणजे ६००० वॅट, त्याचे ०.०५ टक्के ३ वॅट, आणि हे ३ वॅट २४ तास चिकटून बसू शकतात, ७२ वॅट-अवर, ८०० मधले ९ टक्के. अर्ध्या सेकंदाच्या भीतीपोटी आपण दिवसभर नुकसान सोसतोय.

हा सगळ्यात वाईट आकडा आहे हे खरं, प्रत्यक्षात मीटर एवढा हललेला नसतो बहुतेक वेळा, पण कस्टमरला कागद देताना वाईटच धरावा.

मग २ अँप लावायची का? चालू फ्रिजला अर्धा पाऊण अँप, डीफ्रॉस्ट हीटर धरून सुद्धा एक अँपच्या आसपास, म्हणजे २ अँपला सगळं आरामात बसतं आणि रेंजची एरर दिवसाला ७ वॅट-अवर वर येते. फक्त स्टार्टिंगला ओव्हररेंज होणार, आणि तुमचा मीटर त्या क्षणी काय करतो हे आधी तपासा. काही मीटर तेवढे सॅम्पल टाकून देतात आणि पुढे मोजत राहतात, काही इंटिग्रेशनच्या आकड्यावर एररचा शिक्का मारतात, मग तो रिपोर्टला लावता येत नाही. मी असतो तर ५ अँप लावली असती. १५ अँपचा पीक बसतो, घरगुती साध्या कंप्रेसरचं स्टार्टिंग बऱ्याचदा त्यात मावतं, आणि दिवसाची रेंज एरर १८ वॅट-अवर म्हणजे सव्वादोन टक्के. स्टार्टिंग सोडायला मन तयार नसेल तर ५, तयार असेल आणि मीटर निमूट मोजत राहत असेल तर २. मिलिअँपच्या रेंजवर मात्र फ्रिज चुकून सुद्धा चालू करू नका, लहान रेंजचा शंट नाजूक असतो आणि स्टार्टिंगचा झटका त्याला सहन होईलच असं नाही.

२० अँपचा अजून एक छुपा त्रास सांगतो. काही मीटर रेंजच्या एका ठराविक टक्क्याखाली करंट गेला की सरळ शून्य दाखवतात, म्हणजे डिस्प्लेवर कचरा दिसू नये म्हणून. मोठ्या रेंजवर ती मर्यादा पण मोठी होते. कंप्रेसर बंद असताना आतला कंट्रोल बोर्ड जे थोडं थोडं घेतो ते मग लॉगमधे येतच नाही. मॅन्युअलमधे ही मर्यादा दिलेली असते, एकदा बघून घ्या.

बाकी दोन दिवसांचा फरक सगळाच्या सगळा रेंजच्या माथी मारू नका. दार किती वेळा उघडलं, खोली किती तापली, आत काय ठेवलं होतं, याने फ्रिजचे आकडे सहज हलतात.

प्रश्न : आमचं ट्रान्सफॉर्मर रिपेअरचं वर्कशॉप आहे. १०० केव्हीएचा ११ केव्ही / ४३३ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करून झाला की एलव्ही (लो व्होल्टेज, म्हणजे ४३३ व्होल्टच्या) बाजूने नो-लोड टेस्ट घेतो. पॅनेलवर १५०/५ चे क्लास ०.५ चे सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, १५० अँपचे ५ अँप करून मीटरला देणारे) कायमचे बसवलेत, त्यावर नवीन अॅनालायझर ५ अँप रेंजला. नो-लोड लॉस कधी १८०, कधी २६० वॅट येतो, ट्रान्सफॉर्मर तोच. मीटर महागातला आहे तरी असं का? (वर्कशॉप मालक, अहिल्यानगर एमआयडीसी)

मीटर कितीही भारी घेतला तरी त्याच्या आधी सीटी बसलाय, आणि सीटीला पण रेंज असते हे आपण विसरतो. १०० केव्हीएला ४३३ व्होल्टवर फुल लोड करंट १३३ अँप, त्यासाठी १५०/५ बरोबर आहे, लोड लॉसच्या टेस्टला बिनधास्त वापरा. पण नो-लोडला करंट किती? समजा २ अँप. १५० च्या सीटीला २ अँप म्हणजे १.३ टक्के. क्लास ०.५ च्या साध्या सीटीची हमी ५ टक्क्यांपासून सुरू होते, आणि तिथे सुद्धा रेशोची एरर दीड टक्क्यापर्यंत आणि फेजची (कोनाची) ९० मिनिटांपर्यंत चालते, ६० मिनिटं म्हणजे एक अंश. ०.५ टक्के आणि ३० मिनिटं ही फुल करंटची गोष्ट. तुम्ही तर ५ टक्क्यांच्या पण खाली आहात, तिथे सीटी काय करेल त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही.

यात खरा मार फेजच्या एररचा आहे, रेशोचा नाही. नो-लोडला पीएफ फार कमी असतो, समजा ०.१५. अशा ठिकाणी करंट थोडासा जरी पुढे मागे सरकला तरी वॅट भयंकर हलतात. ३० मिनिटं म्हणजे फक्त अर्धा अंश, पण ०.१५ पीएफला त्याने वॅटमधे साधारण पावणेसहा टक्के फरक पडतो. ९० मिनिटांना १७ टक्के. हीटरवर हाच सीटी, हीच एरर, काही कळणार सुद्धा नाही, कारण पीएफ १ असतो.

त्यात मीटरची रेंज. सेकंडरीला येतात ०.०६७ अँप आणि रेंज लावलीय ५ ची. व्होल्टेज फेज टू फेज घेत असाल तर रेंज ६००, म्हणजे ३००० वॅट, ०.०५ टक्के म्हणजे दीड वॅट, हा आकडा लहान वाटतो पण सीटी रेशो ३० ने गुणायचाय, एका एलिमेंटला (मीटरच्या व्होल्ट-अँपच्या एका जोडीला) ४५ वॅट झाले. दोन वॅटमीटर पद्धत (दोन एलिमेंटची बेरीज करून थ्री फेजचे वॅट काढायची) असली तर अजून वाईट, कारण कमी पीएफला एक एलिमेंट मोठा प्लस आणि दुसरा मोठा मायनस दाखवतो. तुमच्याच आकड्यांच्या जवळपास हिशोब केला तर एकावर ५४० आणि दुसऱ्यावर उणे ३१६ अशी रीडिंग येतील, बेरीज २२४. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून लहान आकडा काढायचा, म्हणजे दोन्हीतली चूक त्या लहान आकड्यावर येऊन पडणार. १८० आणि २६० मधलं गणित इथेच सुटतं.

करायचं काय, तर नो-लोड टेस्टला सीटी बाजूला काढा आणि करंट थेट मीटरमधून घ्या, २ किंवा ५ अँपच्या रेंजवर. मी ५ म्हणेन, कारण तिन्ही फेजचा नो-लोड करंट सारखा नसतो, कोरच्या मधल्या लिंबचा (खांबाचा) कमी आणि कडेच्या दोघांचा जास्त असतो, शिवाय आकार पण टोकदार असतो. न्यूट्रल उपलब्ध असेल तर तीन वॅटमीटर पद्धत लावा. मग व्होल्टेज फेज टू न्यूट्रल २५० होतं, रेंज ३०० पुरते, एका एलिमेंटची एरर पाऊण वॅट.

पण थांबा, सीटी काढून थेट जोडल्यावर नेहमीसारखा ब्रेकर मारलात तर मीटर जाईल. ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना पहिल्या काही सायकलचा इनरश (सुरुवातीचा उसळता करंट) फुल लोडच्या कित्येक पट असू शकतो आणि तो ५ अँपच्या इनपुटमधून गेला तर दुरुस्तीचं बिल बघून रडू येईल. थ्री फेज डिमरस्टॅटने शून्यापासून हळूहळू व्होल्टेज चढवा, किंवा मीटरच्या करंट टर्मिनलला बायपास स्विच लावून चार्ज करताना तो जोडलेला ठेवा, म्हणजे करंट मीटरला वळसा घालून जाईल, आणि सगळं शांत झालं की मगच उघडा. आणि सीटी बाजूला करताना सप्लाय बंद, सेकंडरी आधी शॉर्ट, मग वायर काढायची. हे तुम्हाला माहितीच असणार, पण नवीन पोरांना दर वेळी सांगावं लागतं.

थेट जोडणं जमतच नसेल तर प्रायमरी वायर सीटीच्या खिडकीतून पाच वेळा फिरवा, १५०/५ चा सीटी ३०/५ सारखा वागतो. २ अँप आता साडेसहा टक्क्यांवर गेले, निदान हमीच्या हद्दीत आलात. मीटरमधे रेशो बदलायला विसरू नका, नाहीतर लॉस पाचपट छापला जाईल आणि गिऱ्हाईक तुम्हाला पाचपट बोलेल. ट्रान्सफॉर्मरच्या आयएस ११८० स्टँडर्डमधे ५० टक्के आणि १०० टक्के लोडचे टोटल लॉस बघतात, नो-लोडचा आकडा त्या दोन्हीत शिरतो, म्हणून ही एवढी खटपट करायची.

प्रश्न : ५ एचपीची पंप मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) चालते. ड्राइव्हच्या आउटपुटला अॅनालायझर लावला. ५० हर्ट्झला रीडिंग ठीक वाटतं, १० हर्ट्झला आणलं की वॅट काहीही येतात. ऑटो रेंज आहे. (मेंटेनन्स टेक्निशियन, कोल्हापूर)

ड्राइव्ह व्होल्टेज पल्समधे तोडून देतो, वेग कमी केला की पल्सची उंची कमी होत नाही, कमी होते ती रुंदी. ४१५ व्होल्ट सप्लायला आतला डीसी बस (सप्लायचं डीसी केल्यावरचं व्होल्टेज) साधारण ५८७ व्होल्ट असतो, आणि तुम्ही ५० हर्ट्झ चालवा की १०, प्रत्येक पल्स त्या ५८७ च्याच उंचीचा. आरएमएस मात्र घसरतो, आणि तो बघून ऑटोने किंवा माणसाने खालची रेंज लावली की १५० च्या रेंजला पीक ४५० पर्यंतच बसतो, पल्सची डोकी उडाली. ऑटोचा मीटर पीक पण बघत असेल तर एवढा खाली जाणार नाही, पण लाइन फिल्टर (सिग्नलमधले वेगवान चढउतार गाळणारी सेटिंग) चालू असला की त्याला पल्स गोल झालेले दिसतात आणि तो पण फसू शकतो. म्हणून व्होल्टेज ६०० वर फिक्स करा, ५० हर्ट्झला पण आणि १० ला पण. केबल लांब असेल तर मोटरच्या टोकाला पीक डीसी बसच्या दुप्पट जवळ जाऊ शकतो, तेव्हा मोटरच्या पेटीत प्रोब लावणार असाल तर मीटर इनपुटची कमाल पीक मर्यादा किती आहे ते आधी वाचा. ड्राइव्हच्या टर्मिनललाच घेतलेलं बरं.

करंटचं सोपं आहे. मोटरच्या कॉइलमुळे तो बऱ्यापैकी गुळगुळीत होतो आणि ड्राइव्ह हळू चढवतो त्यामुळे थेट स्टार्टरसारखा सहापट झटका नसतो, साडेसात अँपच्या मोटरला १० ची रेंज पुरेल. ड्राइव्हच्या इनपुट बाजूला मात्र उलट, तिथे परत रेक्टिफायर आणि कपॅसिटर, चोक (करंट गुळगुळीत करणारी कॉइल) नसेल तर टोकदार करंट, एक पायरी वरची रेंज घ्या.

प्रश्न : बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) फॅनच्या बॉक्सवर २८ वॅट लिहिलंय. माझ्याकडे सॉकेटमधे खोचायचा छोटा वॅटमीटर आहे, तो ३३ दाखवतो. कंपनी फसवते का? (दुकानदार, सातारा)

त्या छोट्या मीटरवरून कंपनीवर आरोप करू नका. त्याला एकच रेंज असते, १६ अँप, २३० व्होल्टला ३६८० वॅट, बदलायचं बटणच नाही. त्याची एरर समजा फुल स्केलच्या ०.२ टक्के धरली, एवढ्या किमतीत ती पण चांगलीच म्हणायची, तरी ७ वॅट झाले. २८ आणि ३३ त्या मीटरच्या नजरेत सारखेच. गिझर, इस्त्री, पाण्याची मोटर तपासायला तो छान आहे. सिलिंग फॅनला २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं झालंय, ते आकडे लॅबमधे ठरलेल्या व्होल्टेजला, फुल स्पीडला घेतलेले असतात, तुमच्या दुकानात व्होल्टेज वेगळं असणार. फारच शंका असेल तर एकाच प्रकारचे दोन तीन फॅन त्याच सॉकेटवर लावून एकमेकांशी तुलना करा, तेवढं तो मीटर बऱ्यापैकी सांगेल.

प्रश्न : आमचा अॅनालायझर दर वर्षी एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅबमधे कॅलिब्रेट होतो. ऑडिटरने विचारलं, तुम्ही २० मिलिअँपच्या रेंजवर मोजता त्याचं सर्टिफिकेट कुठे? आमच्याकडे सर्टिफिकेट आहे तरी तो ऐकेना. (क्वालिटी विभाग, पुणे)

ऑडिटरचं बरोबर आहे. सर्टिफिकेटच्या दुसऱ्या तिसऱ्या पानावर टेबल असतं, त्यात कुठल्या रेंजवर कुठला पॉइंट तपासला ते बघा. बहुतेक वेळा २३० व्होल्ट, १ अँप, ५ अँप, पीएफ १ आणि ०.५ एवढंच असतं, कारण तुम्ही ऑर्डरमधे काहीच लिहिलेलं नसतं आणि लॅब आपले नेहमीचे पॉइंट घेऊन मोकळी होते. प्रत्येक रेंजचा आतला मार्ग वेगळा असतो, त्यामुळे ५ अँप बरोबर आहे म्हणून २० मिलिअँप पण बरोबर असेल हे धरता येत नाही.

पुढच्या वेळी मीटर पाठवताना यादी जोडा. गेल्या वर्षभराच्या रिपोर्टवरून कुठल्या रेंज खरंच वापरल्या ते काढा, साधारण चार पाचच निघतील. प्रत्येकीवर एक पॉइंट रेंजच्या वरच्या टोकाजवळ आणि एक खाली २०-३० टक्क्यांवर मागा, आणि तुमचं काम कमी पीएफचं असेल तर एखादा पॉइंट ०.२ किंवा ०.१ पीएफला. फक्त त्या लॅबच्या मान्यतेच्या स्कोपमधे एवढा लहान करंट आणि एवढा कमी पीएफ आहे का ते आधी फोन करून विचारा, सगळ्यांकडे नसतो. पॉइंट वाढले की बिल वाढतं, म्हणून जी रेंज कधीच वापरत नाही ती यादीतून सरळ काढून टाका, २० अँपची वर्षभर कोणी लावली नसेल तर तिचे पैसे कशाला द्यायचे. आणि रिपोर्टच्या फॉरमॅटमधे वॅटच्या शेजारी व्होल्टची रेंज, अँपची रेंज आणि वायर कुठल्या बाजूला जोडल्या यासाठी तीन कॉलम वाढवा, नाहीतर ही यादी काढायची वेळ येईल तेव्हा कोणालाच आठवणार नाही.